साडेपाचची चिठ्ठी

धर्माबादला वखारीच्या ऑफिसाला लागून माझं झेरॉक्स आणि रिचार्जचं दुकान आहे. मधे एकच भिंत, आणि त्या भिंतीला इंटरनेटच्या वायरीसाठी पाडलेलं भोक. ते भोक जहांगीरभाईंनी पाडलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यातून वायरीबरोबर आवाजही इकडे येतात, हे वखारीतले लोक विसरून गेलेत. मी विसरलेलो नाही. वखारीत काय शिजतंय ते लातूरच्या हेड ऑफिसाआधी मला कळतं, आणि त्याचा मला आजवर काडीचा फायदा झालेला नाही.

जहांगीरभाई नांदेडचे. वडिलांचं इतवाऱ्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ गेले, टेपरेकॉर्डर आले, तेही गेले, तेव्हा या गृहस्थाने काँप्युटर शिकून घेतला. एके काळी बिलोली, धर्माबाद, उमरी, नायगाव, कुठल्याही ऑफिसात काँप्युटर एकमेकांना जोडायचे म्हटलं की जहांगीरभाई. मोटरसायकलवर वायरीचं वेटोळं खांद्याला अडकवून यायचे तेव्हा लोक चहा सांगायचे, खुर्ची पुसून द्यायचे. आता पन्नाशी कधीच ओलांडली. साखर आहे, गुडघे गेलेत, मोटरसायकल जावयाला दिली आणि स्वतः रेल्वेने येतात. निम्मी दुरुस्ती पुण्याहून पोरं बसल्या जागी करतात. ज्याला हात लावावा लागतो, धूळ खावी लागते, तेवढंच यांच्या वाट्याला येतं. वखारीचं वर्षाचं कंत्राट तेवढं टिकून आहे. घरी मलिकाभाभी म्हणतात, बस करा आता. हे म्हणतात, करतो. दोघांचंही खरं नाही.

त्या दिवशी सकाळच्या गाडीने उतरले ते आधी माझ्या दुकानात आले. पिशवी काउंटरवर ठेवली, रुमालाने मान पुसली.

"हरिओमभाऊ, जरा चलता का संगट? माझे गुडघे टेबलाखाली जाऊन न्हाई राहिले आता."

"लॉगिनचंच ना?" मी विचारलं.

"तेच. दुसरं काय असतं आपल्या नशिबात?"

तर हे लॉगिनचं प्रकरण. वखारीत दोन मशीन. एक बाहेर, शिल्पाचं. ती पावत्या करते. सोयाबीन आलं, हरभरा आला, किती पोती, कुणाची, कुठल्या थप्पीत लावली, सगळं तिच्या हातून जातं. दुसरं मशीन आतल्या खोलीत, संगप्पा मॅनेजरचं. त्यावर बहुतेक वेळ प्लॅस्टिकचं झाकण असतं. दोन्ही मशीन लातूरच्या मोठ्या मशीनला जोडलेली, म्हणजे सकाळी नाव आणि पासवर्ड घातला की लातूर ओळखतं आणि दार उघडतं. दसरा झाला आणि लातूर शिल्पाला ओळखेनासं झालं. बरोबर पासवर्ड घातला तरी नकार. आता बरोबर पासवर्ड नाकारला गेला की माणूस काय करतो? आपलंच चुकलं म्हणून दुसरा घालून बघतो, मग तिसरा. तेवढ्यात लातूर खातंच कुलूपबंद करतं. मग फोन करा, हाताजोडी करा, कुलूप काढून घ्या, आतल्या मशीनवर बसून काम उरका. आतल्या मशीनवर तेच नाव, तोच पासवर्ड मुकाट चालायचा.

लातूरच्या साहेबांनी यातून आपल्या अकलेप्रमाणे अर्थ काढला. नाव चालतंय म्हणजे नाव बरोबर आहे, बाईच पासवर्ड कुणाला तरी देते आणि तो माणूस भलतंसलतं टाईप करतो. त्यांनी संगप्पाला कळवलं, या आठवड्यात खातं पुन्हा लॉक झालं तर ऑपरेटर बदलू. शिल्पा ठेकेदाराच्या मार्फत लागलेली, तिला बदलायला एक फोन पुरतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. पण संन्याशाला निदान घरी लेकरू नसतं. शिल्पाची सृष्टी दुसरीत आहे, नवरा हैदराबादला टेम्पो चालवतो, आणि घर चालतं ते या पगारावर.

आम्ही आत गेलो तेव्हा शिल्पा बाहेरच्या मशीनसमोर हात मांडीवर घेऊन बसली होती. कीबोर्डला हात लावायची तिला भीती वाटत होती. डोळे सुजलेले दिसत होते.

"भाई, एकदा घातला. लागला न्हाई. दुसऱ्यांदा घातलाच न्हाई मी," ती म्हणाली.

"बरं केलं बेटा. आता कुणीच घालू नका."

मग जहांगीरभाईंचं नेहमीचं सुरू झालं. मी टेबलाखाली शिरलो, ते वरून सांगत होते. ही वायर काढा, ती लावा, दिवा लागतो का बघा. टेबलाखाली सोयाबीनची टरफलं, उंदराच्या लेंड्या, शिल्पाची एक जुनी चप्पल. वायर बदलली, वायरी जोडणारी डबी बदलली. काही फरक नाही. त्यांनी संगप्पाला विचारलं, तुमचं नाव-पासवर्ड या मशीनवर घालून बघू का? तुमचंही चाललं नाही तर दोष मशीनचा, बाईचा नाही, हे इथल्या इथं सिद्ध होईल.

संगप्पा दोन पावलं मागं सरकला. "अन् माझं लॉक झालं म्हंजे? रिटायरमेंटला दीड वर्ष ऱ्हायलंय माझं. न्हाई बाबा. तुमचं तुम्ही बघा."

"मशीनला रोज हात कोण कोण लावतं?" भाईंनी विचारलं.

"मीच एकटी," शिल्पा म्हणाली.

"तीच एकटी," संगप्पाने री ओढली.

अण्णाराव पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. वखारीचा शिपाई, कुलपं उघडणारा, झाडणारा, दिवाबत्ती करणारा. त्याला कुणी विचारलं नाही आणि तो काही बोलला नाही. खरं सांगायचं तर तो बोलला असता तरी कुणी मनावर घेतलं नसतं. साहेब लोकांच्या हिशेबात शिपाई मशीनला हात लावत नसतो, तो फक्त मशीनवरची धूळ पुसतो.

"मधी दोन दिस झकास चाललं होतं बरं का," शिल्पा म्हणाली. "मामा भाच्याच्या लग्नाला किल्लारीला गेले होते तवा. मामा, तुमचीच नजर लागते बघा मशीनला."

अण्णाराव हसला. मी हसलो, संगप्पाही हसला. जहांगीरभाईंनी मशीनच्या कोपऱ्यातली वेळ बघितली, मग भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि दोन्ही जुळतायत म्हणून मान हलवून पुढच्या कामाला लागले. वेळ चुकली की लॉगिन अडतं, हे त्यांच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तपासायला ते चुकले नाहीत. त्यांनी तपासलं ते भिंतीकडे बघून, एवढंच.

दुपार झाली. बाहेर गाड्यांची रांग लागली होती, हमाल पोत्यांवर आडवे झाले होते, ड्रायव्हर शिव्या देत होते. आत घोडं कुठं पेंड खातंय ते कळत नव्हतं. भाईंनी लातूरला फोन लावला, त्यांनी तो पुण्याला जोडून दिला, पुण्याचा पोरगा म्हणाला मशीन पुसून सगळं नव्याने भरून घ्या. म्हणजे आणखी दोन दिवस. भाईंनी फोन ठेवला आणि खुर्चीत मागं टेकून डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मशिदीतली अजान सुरू झाली.

भाईंनी डोळे उघडले. नेहमीप्रमाणे उठून हातपाय धुवायला जातील असं मला वाटलं. ते उठले, पण गेले भिंतीपाशी. घड्याळाकडे बघत राहिले.

"हरिओमभाऊ, इथं जोहरची अजान किती वाजता होते?"

"सव्वा एकला. आजवर कधी चुकली नाही," मी म्हणालो. माझ्या दुकानाचं जेवण त्या अजानीवर चालतं.

घड्याळात दीड वाजायला आला होता. भाईंनी खिशातून मोबाईल काढून बघितला आणि परत खिशात टाकला. मोबाईल सगळ्यांच्याच खिशात होते. पण मोबाईल आपण काढतो तो कुणाचा फोन आला ते बघायला. ऑफिसात वेळ बघायची ती भिंतीवर, आणि भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडे कुठल्या घरातलं घड्याळ बरोबर असतं? उशीर नको म्हणून पुढं ठेवायचं ही रीतच आहे. इथं मात्र ते चार मिनिटांवर थांबलं नव्हतं. आणि लातूरचं मशीन पाच मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, त्यापुढे तुम्ही कोण आणि आम्ही कोण.

"अण्णाराव, जरा बाहेर या," भाई म्हणाले. "हरिओमभाऊ, तुम्ही बी."

थप्प्यांच्या मागे, जिथं रिकामे बारदाने टाकतात, तिथं आम्ही तिघे उभे राहिलो. भाईंनी आवाज अजिबात चढवला नाही.

"मशीनात टाईम कोण घालतं, मामा?"

"मीच की," अण्णाराव म्हणाला. "तुम्हीच शिकिवलंय न्हाई का? चालू करताना ते बटण दाबायचं, निळा पडदा येतो, भितीवरचा टाईम बघून घालायचा. रोज घालतो. एक दिस चुकलो न्हाई."

जहांगीरभाई बारदान्यावर बसले. त्यांना आठवलं. मलाही आठवलं. चार-पाच वर्षांपूर्वी मशीनमधला छोटा गोल सेल मेला होता आणि मशीन रोज सकाळी वेळ विसरायचं. नवा सेल येईपर्यंत काम अडू नये म्हणून भाईंनी आपोआप वेळ जुळवायची सोय बंद केली आणि सगळ्यांत आधी ऑफिस उघडणाऱ्या माणसाला, म्हणजे अण्णारावला, हातानं वेळ घालायला शिकवलं. पुढं नवा सेल आला, बसला. आता घालू नका, हे अण्णारावला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा म्हणतात तसा दोष आमच्या समोर पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता.

"बरं, ते राहू द्या. पण घड्याळ एवढं पुढं का?"

अण्णाराव पायाने बारदाना सरळ करत राहिला.

"मामा, त्या पोरीची नोकरी चालली. बोला."

मग तो बोलला. वखारीत सुटायचं ते दिवसअखेरची चिठ्ठी निघाल्यावर. चिठ्ठी शिल्पाच्याच मशीनमधून निघते, तिला लातूरचं लॉगिन लागत नाही, तिच्यावर मशीनचीच वेळ छापली जाते, आणि ती साडेपाच असल्याशिवाय संगप्पा सही करत नाही, कारण ती लातूरला जाते. पूर्वी बिलोलीची बस साडेपाचच्या नंतर नाक्यावरून जायची. घड्याळ चार मिनिटं पुढं, शिल्पा पळत जायची आणि बस मिळायची. दसऱ्याला एसटीने वेळापत्रक बदललं, बस लवकर निघायला लागली. त्यानंतरची बस थेट अंधार पडल्यावर. तोवर सृष्टी शिवम्माकडे, म्हणजे शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे बसून राहते आणि पेंगते. शिल्पाने संगप्पाला दहा मिनिटं सूट मागून पाहिली होती. तो म्हणाला, नियम लातूरचा आहे.

"तवा म्या थोडं थोडं सरकिवलं," अण्णाराव म्हणाला. "भितीवरचं बी अन् मशीनमधलं बी. दोन्ही सारखं दिसलं म्हंजे साहेबाला कळत न्हाई. लग्नाला गेलो तवा तेवढं दोन्ही खऱ्या टायमावर करून गेलो, मागं कुणाला कळू नये म्हणून. तिला बी म्या सांगितलं न्हाई. कशाला सांगायचं? ती म्हणली असती, नको मामा. लेकरू वाट बघतंय तिकडं."

"अन् लॉगिन?"

"लॉगिनचा अन् घड्याळाचा काय संबंध भाई? ते पासवर्डाचं हाय न्हाई का?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शिल्पाची बस मिळावी म्हणून सरकवलेला काटा शिल्पाच्याच पोटावर आला होता, आणि हे त्या म्हाताऱ्याला आता, आमच्यासमोर, कळत होतं. आतल्या मशीनला कुणी वेळ घालत नसे, म्हणून तिथं पासवर्ड चालायचा; चिठ्ठी मात्र बाहेरच्याच मशीनमधून सरकवलेल्या वेळेवर निघायची आणि बस मिळायची. म्हणून दुसऱ्या दिवशी हा तेवढ्याच काळजीने वेळ घालायचा. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. आला तो संगप्पाचा, लातूरचा आणि एसटीचा. त्यातल्या एकालाही मी काही करू शकत नव्हतो.

"म्हंजे म्याच घालिवली असती तिची नोकरी," अण्णाराव म्हणाला आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"मी घालवली असती," जहांगीरभाई म्हणाले. "शिकवलं मी, मोडायला मी विसरलो. चला. उठवा मला जरा."

संगप्पापुढे जाऊन भाईंनी एक प्रयत्न केला, तो मी सांगायला पाहिजे. ते म्हणाले, साहेब, दोष सापडला, दुरुस्त करून देतो. तेवढी त्या पोरीला दहा मिनिटं आधी सोडत जा, बसचं बघा तिच्या.

संगप्पा म्हणाला, "भाई, तुम्ही काँप्युटरवाले. काँप्युटरचं बघा."

तर त्यांनी काँप्युटरचं बघितलं. निळ्या पडद्यावर खरी वेळ घातली आणि त्या पडद्यालाच पासवर्ड लावून टाकला. आपोआप वेळ जुळवायची सोय चालू केली. लातूरला फोन करून खात्याचं कुलूप काढायला लावलं. कारण काय सांगू, असं तिकडच्या माणसाने विचारलं, तेव्हा भाई म्हणाले, सेल खराब होता, वेळ मागंपुढं होत होती, बाईंची काही चूक नाही, तसं लिहून घ्या. सेलवर ढकललं. सेलला काही कुणी नोकरीवरून काढत नाही.

शिल्पाने पासवर्ड घातला. एक एक अक्षर, बोट वर धरून. पडदा उघडला. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग एकदम उठून अण्णारावला म्हणाली, "मामा, लागलं! उद्या पेढे आणते बिलोलीहून."

अण्णाराव तेव्हा स्टुलावर चढून भिंतीवरचा काटा मागं घेत होता. त्याने वळून बघितलं नाही. "हाव, आण," एवढंच म्हणाला.

दुपारनंतर भराभर काम झालं. गाड्या रिकाम्या झाल्या. भाईंची गाडी संध्याकाळची होती, म्हणून ते माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसले होते. अण्णाराव त्यांच्याजवळ आला आणि हळूच विचारलं, "भाई, सकाळी मशीन चालू तरी करू का म्या?"

"करा की मामा," भाई म्हणाले. "रोज करा. निस्तं चालू करायचं." आणि मग बराच वेळ ते पिशवीची चेन लावत बसले. चेन कधीच लागलेली होती.

साडेपाचला काही मिनिटं कमी असताना बिलोलीची बस नाक्यावरून गेली. आम्ही तिघांनी ती बघितली. भिंतीपलीकडे शिल्पाच्या कीबोर्डचा आवाज चालूच होता. साडेपाचला चिठ्ठी निघाली, संगप्पाने सही केली आणि म्हणाला, बघा, मशीन नीट असलं की कसं सगळं वेळेवर होतं. शिल्पा पर्स सांभाळत नाक्यापर्यंत पळत गेली, रिकाम्या रस्त्याकडे बघत थांबली, आणि पाय ओढत परत आली. जहांगीरभाई तोवर स्टेशनकडे निघाले होते. जाताना तिच्याकडे बघणं त्यांनी टाळलं.

ती माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसली. अण्णारावचं घर वखारीच्या मागेच आहे, साडेपाचला तो घरी जायला मोकळा असतो. तो गेला नाही. तिच्या शेजारी, बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मी दिवा लावला. तेव्हापासून रोज तो तसाच बसतो, अंधारातली बस येईपर्यंत.

त्या पहिल्या दिवशी शिल्पाने शिवम्माला फोन लावला, तो मी काउंटरमागून ऐकला.

"सृष्टीला दोन घास खाऊ घाल गं शिवम्मा. मला उशीर होतोय. बस गेली... न्हाई, सुटले मी वेळेवरच. ड्रायव्हर बदललाय वाटतं. आधीचा लई चांगला होता गं. रोज थांबायचा माझ्यासाठी."

फोन ठेवून ती अण्णारावकडे वळली. "व्हय का न्हाई मामा? चांगला होता की न्हाई?"

अण्णाराव रस्त्याकडे बघत होता.

"हाव," तो म्हणाला. "चांगला होता."